थांबकऱ्यांची रीत

१

परत येताना मी मनाची पक्की तयारी करून आले होते. घर ओकंबोकं असेल, आई खंगलेली असेल, मला बघून आधी रडेल आणि मग रागावेल. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी दोन समुद्रांपलीकडच्या एका विद्यापीठात होते. माणसं मेलेल्यांना निरोप कसा देतात, यावरचा माझा प्रबंध लिहून झाला होता. तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली होती. मी आले नाही. त्याबद्दल बोलणी खायची माझी तयारी होती. नोकरीची तर आशाच नव्हती. विधी आणि रीतिरिवाज यांच्यातल्या पदवीचं इथं कोण काय करणार?

प्रत्यक्षात आईनं दार उघडलं ते गुणगुणत.

"आलीस? चप्पल तिकडेच काढ, फरशी ओली आहे," ती म्हणाली आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली. तिचे गुडघे दुखत होते, चालताना ती भिंतीचा आधार घेत होती, पण चेहरा मात्र छान झोप झालेल्या माणसासारखा होता.

आणि दहाव्या दिवशी मला नोकरीही लागली.

एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत काही माणसं एक खेळ तयार करत होती. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि फासे टाकत एका काल्पनिक जगात हिंडायचं, असा तो खेळ. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. फार पूर्वी एका खेळात तो जहाजाचा कप्तान झाला होता आणि नंतर त्यानं ते पद सोडलंच नव्हतं.

"आमच्याकडे नकाशा आहे, अकरा देश आहेत, चोवीस प्रकारच्या तलवारी आहेत," तो मला म्हणाला. "पण या लोकांचा विश्वास कशावर आहे, ते आम्हाला ठाऊक नाही. प्रार्थनाघर एकच आहे. चित्रकारानं तेच रंग बदलून अकरा वेळा काढलंय."

मी त्याच क्षणी हो म्हटलं. पगार, वेळ, काही विचारलं नाही. चार तास दुसऱ्याच्या श्रद्धेच्या आत शिरून खेळलेला माणूस पुन्हा कोणाच्या श्रद्धेची टर उडवणार नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. खरं तर अजूनही वाटतं.

२

ते काम म्हणजे निव्वळ सुख होतं. खाली छपाई सुरू झाली की आमचं टेबल थरथरायचं आणि त्यावरचे फासे आपोआप कूस बदलायचे. शाईच्या वासात बसून मी सकाळी धर्म रचायचे आणि दुपारी कप्तान ते वाचून खिदळायचा.

एका देशात मूल जन्मलं की त्याला एक जादा नाव देऊन ठेवायचे, आजारपणात वापरायला. दुसऱ्या देशात भांडण मिटलं की ज्या शब्दावरून ते पेटलं तो शब्द कागदावर लिहून जमिनीत पुरायचे. मग वर्षभर घरात तो कोणी उच्चारायचा नाही.

"विदुषी, असं केलं तर माझ्या घरात फक्त 'हं' आणि 'बरं' एवढंच उरेल," कप्तान म्हणाला.

माझं लिखाण मग पंचबाईंकडे जायचं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमचे सगळे नियम तपासायच्या. प्रत्येक नियमाला त्यांचे तीनच प्रश्न असत. सुरू कसं होतं? कोण करतं? संपतं कसं? यातल्या एकाचंही उत्तर नसलं की समासात लाल पेन्सिलीची खूण आलीच.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सोमवारी मी थांबकरी लोक लिहिले. डोंगरउतारावर राहणारी जमात. कुठंही बसण्याआधी ते त्या जागेला हाताची मागची बाजू टेकवतात, हळू आवाजात "बसू का?" असं विचारतात आणि तीन श्वास थांबतात. हाताला गार लागलं तर बसायचं. ऊब लागली, तर तिथं आधीच कोणी बसलेलं आहे असं समजून दुसरी जागा बघायची. गेलेल्या माणसाला ते लोक निरोप देत नाहीत. जागा देतात.

एका बैठकीत लिहून झालं. एक शब्दही खोडावा लागला नाही.

पंचबाईंनी वाचलं आणि लाल पेन्सिल उचलली. "संपतं कसं?"

"संपत नाही, बाई."

"पोरी, बसलेला माणूस कधी ना कधी उठतो. हे उठतात कधी?"

"माझ्या प्रबंधात दोनशे पानं निरोपाचीच होती. निरोप खूप झाले. एक तरी जमात अशी असू दे, जी कोणाला घालवत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आत यायचं दार केलंस आणि बाहेर जायचं विसरलीस," त्या म्हणाल्या. लाल खूण तशीच राहिली.

३

त्याच संध्याकाळी आईनं दोघींसाठी चहा केला. कप टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली, आणि बसण्याआधी खुर्चीला हात लावला. हाताची मागची बाजू. थांबली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. एक श्वास, दुसरा, तिसरा. मग ती बसली.

"काय गं ते?"

"काय?"

"खुर्चीला हात लावलास आत्ता."

"मघाशी पुसली होती. वाळली का ते बघितलं."

पटण्यासारखं होतं. शिवाय मला एक सोपं कारणही सुचलं. मी दिवसभर मनात तेच घोळवत होते. नकळत मीच तसं केलं असेन आणि आईनं ते उचललं असेल. रीत आधी हाताला कळते आणि मग डोक्याला, असं मी प्रबंधातच लिहिलं होतं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. मी घरी येऊन पाचच मिनिटं झाली होती आणि तेवढा वेळ मी उभीच होते.

चहा झाल्यावर पुस्तक घेऊन मी बाबांच्या आरामखुर्चीकडे गेले.

"तिथं नको, बाळा," आई म्हणाली.

"का?"

"आत्ता नको, एवढंच."

मी वाकून उशीला हाताची मागची बाजू टेकवली. ऊब होती. तापलेल्या वस्तूची नव्हे. कोणी नुकतंच उठून गेल्यावर बाकावर जी मागं राहते, तसली.

ऊन पडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पण ती खिडकी उगवतीकडे होती आणि आता संध्याकाळ होती. आई बसली असेल. पण आई स्वयंपाकघरात होती. जुना कापूस ऊब धरून ठेवत असेल. हे कारण मला त्यातल्या त्यात बरं वाटलं आणि मी ते ठेवून घेतलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मी दुसऱ्या खुर्चीवर बसून वाचत राहिले, आई भाजी निवडत गुणगुणत राहिली, आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी तंद्री मला लागली.

४

गुरुवारी आम्ही पाच माणसांना बोलावून खेळाची चाचणी घेतली. एक दंतवैद्य, एक बसवाहक, दोन बहिणी आणि त्यांच्यातल्या एकीचा होणारा नवरा. बाकीच्या दहा जमाती त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतल्या. थांबकऱ्यांवर मात्र पाचही जण लुब्ध झाले. खेळ संपल्यावर चहाला बसतानासुद्धा पाचही हात पाच खुर्च्यांवर टेकले. त्यावर सगळे हसले, आणि हसता हसता तीन श्वास थांबले.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा फोन आला. "अहो, मी दवाखान्यातल्या खुर्चीलाही विचारायला लागलोय. पेशंट म्हणतात, डॉक्टर, आधीचा अजून उतरला नाही का?"

कप्तान टेबलावर हात आपटून हसला. "विदुषी, तुझी ही जमात आपल्या सगळ्या तलवारी गिळणार बघ."

मी तरंगतच घरी आले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान आहे. माझ्या शाळेच्या गणवेशापासून त्यांचं मशीन मी पाहत आलेय. काका शिवत होते, पण उभ्यानं. एक पाय पायट्यावर, कंबरेत वाकून. मागे त्यांचं स्टूल रिकामं होतं.

"काका, उभ्यानं का?"

"स्टूल दिलंय," ते म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या.

"कोणाला?"

ते नुसतेच हसले. टाचण्या काढून म्हणाले, "तू आलीस ते फार बरं झालं. आता वर्दळ असते इमारतीत. आधी कसं स्मशान झालं होतं."

जिना चढताना मी विचार केला. काका चाचणीला नव्हते. आईनं त्यांना सांगितलं असेल. आणि आईला कोणी सांगितलं, हा प्रश्न मी दुसऱ्या मजल्यावरच सोडून दिला.

५

आमच्या घरात चार खुर्च्या आहेत, एक दोन माणसांचा सोफा, एक आरामखुर्ची आणि एक स्टूल.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, आरामखुर्ची कायमची गेली. बुधवारी सोफ्याची डावी बाजू. शुक्रवारी मी घरी आले तेव्हा आई ओट्याशी उभी राहून पाव खात होती.

"बस ना."

"जागा नाही गं," ती म्हणाली, घरी पाहुणे असताना म्हणतात अगदी त्या आवाजात.

मी ताप बघावा तशी एकेका खुर्चीला हात लावत फिरले. सगळ्या उबदार होत्या. एक जराशी कमी, तिथं बहुधा कोणी नुकतंच येऊन बसलं होतं. हे वाक्य माझ्या मनात इतकं सहज उमटलं, की त्याचं आश्चर्य वाटायला मला वेळ लागला.

मी जमिनीवर बसून जेवले. आईला ते जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. जास्त वेळ उभं राहायचं नाही आणि खाली बसायचं नाही. तिचे घोटे सुजले होते, मोज्यांच्या कडा कातडीत रुतल्या होत्या. शनिवारपर्यंत पलंगही गेला. तिनं स्वयंपाकघरात सतरंजी अंथरली, ओट्याला धरून तासभर खटपट करून खाली टेकली, आणि रविवारी सकाळी मीच तिला काखेत हात घालून उठवलं.

"बास झालं, आई. मी बसते बघ त्या खुर्चीवर. काय होतंय बघू."

"नको!" ती पहिल्यांदा जोरात बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, "असं कोणाच्या मांडीवर बसतात का?"

"तुला भीती नाही वाटत?"

"कशाची? दोन वर्षं मी एका कपाचा चहा करत होते."

मग ती सतरंजीवर बसायला म्हणून वाकली. वाकल्यावर तिनं जमिनीला हाताची मागची बाजू लावली, थांबली, आणि तशीच पुन्हा सरळ झाली.

लिहिताना जमीन माझ्या मनातही आली नव्हती.

६

खेळाच्या नियमपुस्तकाची मजकूरतपासणी झाली होती आणि सोमवारी सकाळी पानं खाली छापखान्यात द्यायची होती. रविवारी दुपारी मी थांबकऱ्यांचं पान पुढ्यात घेतलं. पंचबाईंचं बरोबर होतं. मी लाल खुणेशेजारी लिहिलं, "सूर्य कलला की थांबकरी दार उघडतात आणि म्हणतात, आता निघा."

आई माझ्या मागे उभी होती. कधी आली कळलं नव्हतं. तिनं खांद्यावरून वाचलं.

"हे खोडशील ना?"

"तुझे पाय बघ, आई. आज तिसरा दिवस तू उभी आहेस."

"पायांचं काय एवढं." ती दाराच्या चौकटीला टेकली. "यांना आम्ही किती घाईनं उठवलं, माहीत आहे? पहाटे गेले. दुपारपर्यंत लोकांनी गादीसुद्धा गुंडाळली. मला विचारलं, तर मीही हो म्हटलं. तू तर आलीच नाहीस."

हेच वाक्य ऐकायची तयारी करून मी इतक्या लांबून आले होते. पण त्यात टोचणी नव्हती. दूध संपलंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. आणि ते संपता संपता तिचा उजवा गुडघा वळला.

मी धावले. ती चौकटीला धरून लोंबकळत होती, ओठ पांढरे पडले होते. तिचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मला तिला कुठंतरी टेकवायचं होतं. समोर आठ रिकाम्या जागा होत्या आणि एकही रिकामी नव्हती.

तिला तशीच ओढत मी आरामखुर्चीपर्यंत नेलं. मोकळा हात उलटा करून उशीवर ठेवला. ऊब होती. "बसू का" हा प्रश्न तोंडात आला होता, पण मला बसायचंच नव्हतं.

"आईला बसू द्या," मी म्हणाले.

एक श्वास. दुसरा.

तिसऱ्याला माझ्या हाताखालची उशी हलकेच वर आली. खोलगट दबलेली ती उशी सावकाश भरत गेली. वयस्क माणूस हातांवर जोर देऊन उठतो तेवढाच वेळ लागला. खुर्चीच्या हातांचं लाकूड करकरलं, आधी उजवं, मग डावं. उशी गार झाली. मी आईला बसवलं. तिनं डोकं मागे टेकवलं, लांब सुस्कारा सोडला, आणि मिनिटभरात ती झोपलीसुद्धा.

मग सोफ्याची स्प्रिंग वाजली. डाव्या बाजूचा खळगा उजवीकडे सरकला. कोणीतरी जागा करून देत होतं. त्यानंतर टेबलाकडची पहिली खुर्ची करकरली, मग दुसरी, तिसरी, चौथी. स्टूल जमिनीवर बोटभर घासलं. दाराशी पायपुसण्याची एक कड दबली आणि पुन्हा वर आली.

दार बंद होतं. त्याच्या पलीकडे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर कापड घासल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या पायरीवर. गर्दीच्या बाकावर एकानं अंग चोरलं की शेवटच्या माणसापर्यंत सगळे थोडेथोडे सरकतात, तसं काहीतरी एकेक पायरी उतरत चाललं होतं. दुसरा मजला. पहिला. तळमजल्यावर शिंपीकाकांचं स्टूल हललं आणि त्यांचं मशीन थांबलं. आता इमारत संपली, असं मला वाटलं.

संपलं नाही. फाटकाबाहेरचा कट्टा. त्यापुढचं बसथांब्याचं पत्र्याचं बाकडं, त्याचा तो ठराविक टणत्कार. मी खिडकीशी गेले. रस्त्यावर रविवारची सामसूम होती, ऊन होतं, कोणीही नव्हतं. आवाज मात्र घरापासून दूर दूर जात होता. जागेमागून जागा, न थांबता, कान देऊन ऐकू येईल तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे.

आई तीन तास झोपली. मी उभी होते. तेवढा सगळा वेळ दूरवर तो आवाज चालूच होता.

मी घाबरायला हवं होतं. मला वाटत होती ती लाज. इतके जण होते आणि आमच्याकडे आठच जागा होत्या. त्यातलीही एक आम्ही आत्ता परत घेतली होती.

७

सकाळी आई माझ्या आधी उठली होती. आरामखुर्चीत बसून दोन्ही पाय उशीवर ठेवून ती चहा पीत होती. सूज उतरली होती. "यांनी रात्रभर उठवलं नाही," ती म्हणाली. पण कप ठेवताना तिनं दाराकडे पाहिलं आणि जरा अवघडून म्हणाली, "पण बाहेर किती वेळ ताटकळणार गं ते?"

तिनं पुन्हा उठून जागा दिली असती. आज नाही तर उद्या. मी तिला ओळखते.

मी भरभर चालत कामावर गेले. खाली छापखाना सुरू झाला होता, वर टेबल थरथरत होतं. पंचबाई आल्या नव्हत्या. मी थांबकऱ्यांचं पान काढलं, काल लिहिलेली निरोपाची ओळ खोडरबरानं पुसली, मग त्यांची लाल खूणही पुसली. "थांबकरी लोक असं करतात" हे वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं, "खेळाची पेटी उघडण्याआधी घरातल्या प्रत्येक जागेला विचारून घ्या, आणि ऊब लागेल ती जागा सोडा." ते पान शेवटच्या प्रकरणातून उचलून सगळ्यात वर ठेवलं.

कप्तान आला आणि त्यानं गठ्ठा चाळला. "हे पहिलं पान? नकाशाच्याही आधी?"

"नकाशाच्याही आधी. मोठ्या अक्षरात."

"तू म्हणशील तसं, विदुषी." त्यानं गठ्ठा बगलेत मारला आणि तो जिन्याकडे निघाला.

"कप्तान, पेट्या किती काढतोय आपण?"

"हजार. का गं?"

"कमी पडतील," मी म्हणाले.